परतीचं पाणी

"थांबा, आधी पाणी."

बाई फाटकातून आत आल्या, की कुणी काहीही घेऊन पुढं आलं तरी त्याला हेच ऐकायला मिळायचं. दुधाचा टँकर येऊन उभा असो, मालकांचा निरोप असो, नाहीतर कुणाला पोरगा झाल्याचे पेढे असोत. डोक्यावरचं हेल्मेटही न काढता त्या सरळ मागच्या अंगाला बॉयलरकडं जायच्या. तिथं पत्र्याच्या खांबाला स्टीलचं एक फुलपात्र तारेनं अडकवलेलं असायचं. त्यात बॉयलरचं पाणी काढायचं, निवू द्यायचं, उजेडाकडं धरून बघायचं, वास घ्यायचा, मग पर्समधून क्षार मोजायचं पेनाएवढं मीटर काढून त्यात बुडवायचं. आकडा मनासारखा आला तरच हेल्मेट निघायचं. हेल्मेट निघालं, की आम्ही समजायचो, आजचा दिवस बरा जाणार.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एका गोष्टीवर नजर ठेवायची म्हणजे ठेवायची, मग जग हसो.

पेठ वडगावच्या बाहेर, शेतातून जाणाऱ्या रस्त्याला आमचा दुधाचा लहानसा कारखाना. खवा, बासुंदी आणि सणाला जे खपेल ते. मी गावोगावचं दूध उतरवून घ्यायला होतो. बाई केमिस्ट. खरं तर त्यांना नेमलं होतं दूध तपासायला. बॉयलरचं पाणी हे काही त्यांचं काम नव्हतं. महिन्यातून एकदा बाहेरचा एक माणूस येऊन बघून जायचा. बाईंनी एकदा त्याच्या मागोमाग स्वतः पाणी तपासलं, त्याला चार प्रश्न विचारले आणि मालकांना सांगितलं, "ह्यो माणूस पुन्हा नको. पाणी मी बघतो."

आमच्याकडच्या पुष्कळ बायका बोलतात तसं बाईही 'मी आलो, मी बघतो' असंच बोलायच्या. माहेर निपाणीकडचं, जैन शेतकऱ्याचं घर. त्यामुळं राग आला की कानडी सुरू व्हायचं. त्या "साकु!" म्हणाल्या, की आता बास, विषय संपला, हे टँकरच्या ड्रायव्हरलाही कळायचं.

आमचा बॉयलर लाकडावर चालायचा. उघड्यावरच, वर नुसते पत्रे. शाहूवाडीकडून लाकडाच्या गाड्या यायच्या. तुमच्या घरी पाण्याचा बंब असेल तर त्याच्या आत बसलेला पांढरा थर तुम्ही पाहिला असेल. बॉयलरच्या नळ्यांवर तसा थर बसला, की आगीची ऊब पाण्यापर्यंत पोचत नाही, लोखंडच भाजत राहतं. पाणी आंबटलं तर ते लोखंड खातं. आणि त्यात घाण किंवा क्षार वाढले तर फेस धरतं. आमच्या बोअरचं पाणी जड. ते मऊ करायच्या यंत्राला मीठ लागायचं. मिठाच्या गोण्यांची थप्पी बघून एका पाव्हण्यानं विचारलं होतं, "दुधाबरोबर लोणचं बी घालता काय?"

बॉयलरवर मामा होते. सगळ्यांचेच मामा. परीक्षा देऊन, परवाना काढून बॉयलरवर आलेला माणूस, आणि ते तो चारचौघांत सांगायचाही. बाईंचं आणि त्यांचं रोज वाजायचं. तळाला साठलेली घाण जावी म्हणून बॉयलरमधलं थोडं उकळतं पाणी रोज बाहेर सोडावं लागतं. मामांना ते पाणी जाताना बघवायचं नाही.

"बाई, माझी लाकडं गटारात चाललीत बघा."

"आन् नळ्या फुटल्या की तुम्ही कुठं चाललाय?"

"घरला."

"घरला न्हाय. वर."

मामा झडप उघडायचे. शिव्या द्यायचे त्या वाफेला, बाईंना नाही.

बाईंचं पाण्याचं वेड कारखान्याबाहेरही चालायचं. लग्नात पंगतीला बसल्या, तरी मीटर आधी पाण्याच्या जारमध्ये बुडायचं. एखाद्याच्या घरी चहाच्या भांड्याला पांढरा कड दिसला, की "मला चहा नको, दूध द्या" म्हणायच्या. माझ्या बहिणीला स्थळ आलं तेव्हा मी हौसेनं मुलाची नोकरी, शेती सांगायला लागलो. बाईंनी मध्येच विचारलं, "गाव कुठलं?"

"राधानगरीकडचं."

"द्या मग पोरगी. तिकडचं पाणी गोडं हाय. भांड्याला थर धरत न्हाय."

बहीण सुखात आहे. बाईंच्या मते, पाण्यामुळं.

त्या सूर्य मावळायच्या आत जेवायच्या. कितीही घाई असो, ऊन कलायला लागलं की प्रयोगशाळेचं दार लोटून डबा उघडायच्या आणि शांतपणे, एकेक घास चावून खायच्या. तेवढा वेळ त्यांना कुणी हाक मारत नसे. मालकसुद्धा.

आता एका कोजागिरीची गोष्ट सांगतो. पण त्याआधी एक वर्ष मागं जावं लागेल.

गणपतीचे दिवस होते. एका सकाळी बाईंचं मीटर भलताच आकडा दाखवायला लागलं. बाईंनी दोनदा बुडवून बघितलं आणि बॉयलर बंद करायला लावला. मालक घरी होते, ते येईपर्यंत आग काढून झाली होती. दिवसभर शोधाशोध झाली. काहीच सापडलं नाही. पाणी ठीक होतं. बिघडलं होतं ते मीटर. तोवर टाक्यांतलं दूध फाटायला लागलं होतं आणि शेवटी ते मिळेल त्या भावात द्यावं लागलं. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुम्ही दूध बघा. बॉयलर कवा बंद करायचा ते मी बघतो."

बाई दुसऱ्या दिवशी नवं मीटर घेऊन आल्या, आणि त्याच्यावरही भरवसा नको म्हणून रंग बदलणाऱ्या थेंबांची बाटलीही. पाणी बघणं त्यांनी सोडलं नाही. पण पोरं चेष्टा करायला लागली. "काय बाई, फुटला का बॉयलर?" असं रोज सकाळी कुणीतरी म्हणायचं. बाई हसायच्या. मामा मात्र कधी हसले नाहीत. एकदा कुणी त्यांच्यापुढं ती चेष्टा केली, तर हातातलं लाकूड खाली ठेवून ते म्हणाले, "तिथं मी उभा असतोय. तू न्हाय."

तर कोजागिरी. त्या दिवशी मसाला दुधाला जी मागणी असते ती वर्षभरात नसते. कोल्हापुरातून दुकानदारांचे फोन पहाटेपासून चालू. टाक्या भरलेल्या, मोठी भांडी चढलेली, वेलदोड्या-केशराचा वास रस्त्यापर्यंत गेलेला. बाई आल्या, मागं गेल्या आणि बऱ्याच वेळानंतर प्रयोगशाळेच्या दारात दिसल्या. हेल्मेट डोक्यावरच होतं.

"जरा या की हिकडं," त्या मला म्हणाल्या.

वाफ भांडी तापवून दमली, की तिचं पुन्हा पाणी होतं. ते गरम पाणी फुकट जाऊ नये म्हणून एका टाकीत परत आणतात आणि तिथून पुन्हा बॉयलरला देतात. आम्ही त्याला परतीचं पाणी म्हणायचो. बाईंनी टाकीचं झाकण उचललं. एरवी तळ दिसायचा. आज ते पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं होतं.

"वास घ्या."

मी वाकलो. पुसट, पण ओळखीचा वास. दूध.

दूध शिजवायच्या भांड्याला दोन भिंती असतात, मधल्या पोकळीत वाफ. आतल्या भिंतीला कुठंतरी केसाएवढी चीर गेली असणार. वाफ चालू असताना काही कळत नाही. ती बंद केली, की पोकळी आतलं दूध ओढून घेते, आणि पुन्हा वाफ सोडली की ते परतीच्या पाण्यातून बॉयलरमध्ये. दुधानं पाणी आंबटतं. दुधानं फेसही येतो.

बाई मालकांकडं गेल्या. मी मागोमाग. मालकांच्या कानाला फोन होता.

"परतीच्या पाण्यात दूध येतंय. भांडं गळतंय कुठलं तरी. बॉयलर बंद करून बघायला पायजे."

मालकांनी फोनवर हात ठेवला. "आज?"

"आजच."

"बाई, आज कोजागिरी हाय. उद्या सकाळी सगळं उघडून बघा की. मी न्हाय म्हणतोय का?" मग थोडं थांबून, "मीटर बघितलंसा नीट?"

आजूबाजूला पोरं होती. एकजण तोंड फिरवून हसला. बाईंच्या हातात थेंब टाकून रंग बदललेल्या पाण्याची नळी होती. त्यांनी ती दाखवायला वर उचलली, आणि तशीच खाली घेतली.

"बरं," त्या म्हणाल्या.

नुसतं बरं. साकु नाही, काही नाही. मी मामांना जाऊन सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. "बाई 'बरं' म्हणाल्या? कुठल्या बाई?"

पण गप्प बसतील तर त्या बाई कसल्या! परतीचं सगळं पाणी गटारात सोडायला लावलं, बॉयलरला फक्त ताजं मऊ पाणी. घाण पाणी काढायची झडप मामांकडून पुन्हा पुन्हा उघडून घेतली. त्या दिवशी मामांनी लाकडांचं नावसुद्धा काढलं नाही. दुपारपर्यंत निभलं. मग बाई टँकरच्या दुधाचे नमुने तपासायला आत गेल्या. तेवढ्यात भांड्यांवरची माणसं ओरडायला लागली, वाफ पुरत नाही म्हणून. गरम पाणी गटारात आणि थंड पाणी बॉयलरात, मग वाफ पुरणार कशी? मालकांनी स्वतः जाऊन परतीची झडप फिरवली. पाणी पुन्हा टाकीत यायला लागलं. बाईंना हे कुणी सांगितलं नाही.

ऊन उतरायला लागलं तसे वाफेचे पाइप दणके द्यायला लागले. कुणीतरी आतून हातोडा मारावा तसे. वाफेबरोबर पाणीही निघालं होतं. मामांनी हाक मारली, "बाई! काच नाचतीया!"

बॉयलरच्या अंगावर काचेची उभी नळी असते, आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. बाई धावत आल्या. मी आलो, मालकही आले. काचेत पांढरं काहीतरी वरखाली होत होतं.

"पाणी हाय की," मालक म्हणाले. "काच भरल्या."

"पाणी न्हाय ते. फेस हाय."

"पाणी कमी असतं तर पंप आपोआप चालू झाला असता. शिट्टी वाजली असती."

"फेसाला बी ते पाणीच समजतंय, मालक." मग बाई वळल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मामा, वाफ बंद करा."

मामांनी मालकांकडं बघितलंसुद्धा नाही. मोठं चाक दोन्ही हातांनी फिरवायला घेतलं. आतून आरडाओरडा झाला, वाफ गेली, दूध निवतंय. इकडं आम्ही चौघं काचेकडं बघत होतो. वाफ थांबली तसा फेस बसायला लागला. खाली आला. आणखी खाली. अर्ध्यावर आला, अर्ध्याच्याही खाली गेला, आणि तळाच्या नटामागं दिसेनासा झाला. काच मोकळी. पाणी नाहीच. शिट्टी आत्ता कुठं वाजायला लागली. आणि शेजारी आग नुसती घोंघावत होती.

"पंप!" मालक ओरडले आणि कारखान्याच्या भिंतीकडं झेपावले. "पंप चालू करा, पाणी घाला आधी!"

बाई त्यांच्या आधी पोचल्या. पंप आपोआप चालू करणारा खटका त्यांनी बंद केला आणि बटणाच्या पेटीवर दोन्ही तळवे दाबून धरले.

"बेड! पंप बेड!" त्यांचं मराठी गेलं होतं. ते परत यायला त्यांना श्वास घ्यावा लागला. "नको. पंप नको. आतलं लोखंड उघडं पडून तापलंय. त्याच्यावर थंड पाणी पडलं तर आपल्यातलं कुणी ऱ्हाणार न्हाय."

मालकांचा हात तसाच वर राहिला.

"माणसं भायेर काढा," बाई मला म्हणाल्या. "रस्त्याच्या पल्याड."

मी आत धावलो. भांड्यांवरच्या बायका, पोरं, टँकरचे ड्रायव्हर, सगळ्यांना ओढत, ढकलत फाटकाबाहेर काढलं. चढलेलं दूध तसंच सोडून सगळे निघाले. रस्त्यापलीकडच्या बांधावर जाऊन मी मागं वळून बघितलं. तिथून इमारतीच्या कडेनं पत्र्याखालचं सगळं दिसत होतं.

मामांनी हवेचा पंखा बंद केला होता. पण लाकडाची आग बटण दाबून विझत नाही. फावड्यानं राख मारून ते निखारे दाबत होते. मोठे पेटते ओंडके मात्र लांब आकड्यानं बाहेर ओढावेच लागणार होते. मालक घमेल्यानं माती आणत होते. पांढरा शर्ट, पांढरी विजार, आणि घमेल्यामागून घमेलं माती. मी हे कधी बघेन असं मला वाटलं नव्हतं. आणि बाई बटणाच्या पेटीला पाठ लावून उभ्या होत्या. मामा हात हलवून त्यांना जा म्हणत होते. त्या मान हलवत होत्या.

एक ओंडका भट्टीच्या दारातून सुटला आणि मामांच्या पायावर आला. त्यांचा आवाज बांधावर ऐकू आला. मी पळत सुटलो. मी पोचेपर्यंत त्यांनी तो दुसऱ्या पायानं ढकलून दिला होता, आणि भट्टीचं दार लावूनच ते खाली बसले.

मग नुसतं काट्याकडं बघत राहणं. दाबाचा काटा हलेना, हलेना, आणि मग हळूच उतरायला लागला. मामांच्या पायावर पाणी ओतत बाई बसल्या होत्या, पण नजर त्या काट्यावर. मालक मातीच्या ढिगावर बसले होते. काटा तळाला टेकला तेव्हा मालकांनीच गाडी काढली आणि मामांना कोल्हापूरला दवाखान्यात नेलं.

बाईंना मी म्हणालो, "डबा खाऊन घ्या, सूर्य मावळतोय."

"मावळू दे," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्या तशाच घरी गेल्या.

दोन दिवसांनी बॉयलर उघडला. वरच्या नळ्या वाकल्या होत्या. बघायला आलेल्या मिस्त्रीनं आत बॅटरी मारली, बराच वेळ बघितलं आणि पंपाचं बटण कुणी दाबू दिलं नाही ते विचारलं. गळकं भांडंही सापडलं. चीर एवढी बारीक, की नखाला लागत नव्हती. पोरांची चेष्टा बंद झाली. उलट बाई दिसल्या की ती उठून उभी राहायला लागली. मालक प्रयोगशाळेत आले आणि दारातच उभं राहून म्हणाले, "बाई, ह्याच्यापुढं तुम्ही म्हणाल तवा बंद. मला विचारायचं बी न्हाय."

बाई म्हणाल्या, "बरं." आणि मग त्यांनी राजीनाम्याचं सांगितलं. त्यांचे यजमान निपाणीला नोकरीला होते. इतकी वर्षं ते बोलवत होते आणि बाई जात नव्हत्या.

मला ते पटेना. सगळं त्यांच्या म्हणण्यासारखं झालं होतं. मग आताच का?

"गेल्या साली मी चुकलो," त्या म्हणाल्या. "चुकीचं बोललो, पण बोललो तर. औंदा माझं बरोबर होतं, हातात नळी होती, आन् मी बरं म्हणून गप्प बसलो. का, तर पोरं हसतील. मामांचा पाय त्या 'बरं'नं गेला."

"पाय गेला न्हाय, भाजलाय. आन् तुम्ही होता म्हणून सगळे वाचले की."

"तसं म्हणायला बरं वाटतंय."

मी विषय बदलावा म्हणून विचारलं, "त्या वेळी फ्यूज काढून टाकायचा की. मग तिथं उभं ऱ्हायलाच लागलं नसतं."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "सुचलंच न्हाय वो," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा खळखळून हसल्या.

मामा कामावर परत आल्याशिवाय जायचं नाही, एवढं मात्र त्यांनी ठरवलं होतं. तोवर दर रविवारी त्या मामांच्या गावी जायच्या. एकदा मीही गेलो. मामी पहिल्यांदा फार बोलल्या नव्हत्या म्हणे. पाणी द्यायच्या आणि आत जायच्या. मी गेलो तेव्हा मात्र दोघी मिळून शेंगा फोडत बसल्या होत्या. मामा खाटेवर, पायाला पट्टी. बाईंनी पट्टीची गाठ बघितली, औषधं बघितली, मग सवयीनं उठून माठातल्या पाण्यात मीटर बुडवायला गेल्या.

"बाई," मामा खाटेवरून म्हणाले, "पायाला लागलंय. पाण्याला न्हाय."

"गप बसा. जखमंला पाणी कसलं लागतंय ते बघायला पायजे."

"तुमच्या मनाला लागलंय ते बघा की आधी."

बाई माठाशीच थांबल्या. मामी शेंगा फोडायच्या थांबल्या. मामा म्हणाले, "मी परवान्याचा माणूस हाय. सकाळी पाण्याचा वास मला बी आलता. मी बी बोललो न्हाय. एकट्या तुम्हीच कशाला घेतासा?"

बाईंनी मीटर पुसून पर्समध्ये ठेवलं. मग त्या मामींशेजारी येऊन बसल्या आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या.

दिवाळी होऊन गेल्यावर मामा कामावर आले. नव्या नळ्या बसल्या होत्या. मामा लंगडत होते, पण लाकडं स्वतःच लावत होते. आठवडाभर बाईंनी त्यांच्याबरोबर पाणी बघितलं, दोघं पूर्वीसारखे भांडले, आणि मग तो शेवटचा दिवस आला. नारळ, साडी, मालकांचं दोन वाक्यांचं भाषण. दुसरं वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही. आम्ही सगळे फाटकापर्यंत आलो. बाईंनी सगळ्यांना हात जोडले, स्कूटर चालू केली आणि रस्त्याच्या कडेला येऊन थांबल्या.

साखर कारखान्यांचं गळीत सुरू झालं होतं. उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, त्याच्यामागं पुन्हा ट्रॅक्टर, आणि प्रत्येकावर गाणी. मध्ये फट म्हणून मिळेना. आमचा निरोप देऊन झाला होता. आत जावं तर बाई समोरच उभ्या, थांबावं तर बोलायला काही उरलेलं नाही. बाईही मागं वळून बघत नव्हत्या. बघितलं असतं तर पुन्हा हात जोडावे लागले असते.

शेवटी मामा पुढं झाले. लंगडत लंगडत रस्त्याच्या मधोमध गेले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. ट्रॅक्टर करकचून थांबला. ड्रायव्हर वरनं ओरडायला लागला, "ओ पावणं, मराय आलाय काय?" आणि बाई स्कूटर घेऊन मधून जाता जाता त्याच्यावर कानडीतून अशा काही कडाडल्या, की तो आवाज पार वळणापर्यंत ऐकू येत होता. वळणावर त्या दिसेनाशा झाल्या. मामांचे हात अजून वरच होते.